पळण्याचा नियम

"हा नियम मी लागू देत नाई." गोपालनं फासा टेबलावर आपटला. "आमचे लोक काऊन पयतीन?"

टेबलावर पांढरझरी होती. गोपालचं गाव, हिंगणीच्या पुढं, जंगलाला लागून. थर्माकोलच्या टेकड्या, रंगवलेल्या भुशाचं रान, मधून निळा नाला. नाल्याच्या अलीकडं बोटभर उंचीचे लाल कोटातले इंग्रज शिपाई, पलीकडं तेवढेच गोंड. गोंडांना रंग गोपालनंच दिला होता. हिंगणीत तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

दीडशे वर्षांपूर्वी पांढरझरीनं इंग्रजांच्या पलटणीशी लढाई केली असं गावात सांगतात. पुस्तकात ती नाही. पुस्तकं लिहिणारे पांढरझरीला कधी गेलेच नाहीत. निकेश मात्र गेला होता. हिंगणघाटच्या व्यापारी घरातला हा मुलगा, त्याला टेबलावरच्या लढायांचं वेड. ही लढाई वर्ध्याच्या प्रदर्शनात मांडू म्हणाला. शाळेची पोरं फासे टाकून दोन्ही बाजूंनी खेळतील. त्या पोरांत गोपालची स्वीटीही असणार होती.

किती चालायचं, किती गोळ्या लागल्या, कोण कधी पळालं, सगळं नियम ठरवतात. निकेशनं तीन नियमावल्या छापून आणल्या होत्या, तिन्ही इंग्रजांच्या देशात लिहिलेल्या. एक निवडायची होती. निवडायला इतिहासाचे निवृत्त शिक्षक मधुकरराव बसले होते.

"पहिलीत नेता पडला की देशी फौजेनं फासा टाकायचा," मधुकरराव म्हणाले. "चारच्या खाली आला तर पळायचं."

"दुसरीत?"

"पाचच्या खाली."

"तिसरीत?"

मधुकररावांनी पान उलटलं. "तिसरीत फासा टाकत नाहीत. सरळ पळतात."

"अन् इंग्रज?"

"त्यांच्यासाठी असा नियम दिसत नाही."

"दिसन कसा? लिहिणारा कोण हाय?"

"गोपाल, मनावर नको घेऊ बाबा. बंदुकीपुढं तिरकमठा किती टिकते?"

"मरतीन ना. मराले कोण नाई म्हणते? पण माही पोरगी इथं उभी राहीन अन् तिच्यादेखत तिचे पणजे पाठ दाखवतीन. पोरं हसतीन. मास्तर, ते हसू तुमच्या घरी नेऊन ठेवसान का?"

मधुकरराव चष्मा पुसू लागले. नेता पडला की देशी फौज पळते, पस्तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं, आणि पस्तीस वर्षांत त्यांना कोणी हे विचारलं नव्हतं.

निकेशनं त्यांच्या हातातले कागद काढून घेतले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. "गोपालभाऊ बरोबर बोलून राह्यले. नियम आपणच करू. भाऊ, तुम्ही सांगा. नेता पडला की काय होते?"

असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. गोपाल खुर्चीवर बसला.

"जो पुढं बोलते तो नेता नसतेच. ठरवणारा मागं रायते. मागच्या महिन्यात रिसॉर्टवाल्यांचे मोजणीवाले मशीन घेऊन आलते. सरपंच बोलू बोलू थकला. तानबा बुढा पारावर बसून होता, एक शब्द नाई बोलला. पण तो जागचा हलला नाई म्हणून गाव हललं नाई. बाया मशीनीपुढं आडव्या झोपल्या. गेले परत."

निकेशनं एक गोंड उचलून सगळ्यांच्या मागं ठेवला. बायांचे पुतळे संचात नव्हते. बनवणाऱ्यांनी केलेच नव्हते. गोपालनं खिशातून तुरीचे दाणे काढून लाल कोटांपुढं रांगेत मांडले.

"हे पाहा, हे असं," तो म्हणाला.

"असं कसं चालेल?" मधुकरराव कुरकुरले. "मग तुम्ही हरणार कधी? हरता येत नाही तो खेळच नव्हे. कशानं तरी हटत असाल."

गोपाल मांडलेले दाणे सरळ करू लागला.

"नसेल सांगायचं तर राहू दे. डब्यातलाच नियम घेऊ. पळतात म्हणून लिहू."

"पयत नाई म्हटलं ना!" गोपालचा आवाज चढला. मग तो खाली आला. "पेन हलला त हटतो. आमचा देव. तो ठाण्यावरून उचलला का आमच्या गावात मानूस मागं थांबत नाई. चुलीवरचा भात सोडून पेनामागं चालाले लागते. तानबाबी, बायाबी. भिऊन नाई. तो आमचा कायदा हाय."

"अन् ठाणं कुठं?" निकेशनं हळूच विचारलं. "टेबलावर दाखवावं लागन."

गोपाल टेबलावर वाकला. मग नाल्याच्या वरच्या अंगाला, मोहाच्या झाडाखाली, शेवटचा दाणा ठेवला. "इथं. बाहेरच्या मानसाले दिसत नाई."

मधुकररावांनी मान हलवली. "हे मात्र कुठं वाचलं नव्हतं रे."

"वाचसान कुठून," गोपाल म्हणाला. "हाच नियम घ्या. ह्याच्यात लाज नाई."

निकेशनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. गोपाल एसटीनं घरी गेला आणि चपला काढायच्या आधीच त्यानं स्वीटीला सांगितलं, "पाहाले येजो माय. आपले नाई पयत."

दोन दिवसांनी टेबल नागपुरातल्या एका बंद खोलीत मांडलं गेलं. भोवती रिसॉर्टवाले चारजण उभे होते, शाळेचं एकही पोर नव्हतं. निकेशनं म्हातारा दाखवला, बाया दाखवल्या, ठाणं दाखवलं. कोणी हसलं नाही. मग त्यानं लाल कोटातले शिपाई एकेक उचलून डब्यात भरले, आणि मोहाखाली एक पिवळा जेसीबी ठेवला.