कुंपणावरच्या रिबिनी

कॅथेड्रलच्या फाटकाशी येऊन डेक्लनचे पाय अडले. अंगातलं जाकीट काढून त्यानं लेकीच्या, फ्रेयाच्या खांद्यावर टाकलं. आत गारठा असतो, म्हणाला. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.

लोखंडी कुंपणभर रंगीत रिबिनी बांधलेल्या होत्या. लहानपणी ज्यांच्यावर इथल्या फादरांनी अत्याचार केले, त्यांच्यासाठी माणसं त्या बांधून जात. उन्हापावसानं विटल्या की नव्या येत. डेक्लनच्या आईला, नोरीनला, त्या डोळ्यांसमोर नको असत. ‘देवाच्या दारात ही लक्तरं,’ असं पुटपुटत त्या आत शिरल्या. सून टेस फ्रेयाला घेऊन मागोमाग गेली. आज नोरीनचा वाढदिवस होता. दर वाढदिवसाला त्या इथेच यायचा हट्ट धरत, आणि डेक्लन दरवेळी काहीतरी सबब सांगून टाळत असे. यंदा मात्र हो म्हणाला. आणि सकाळीच सगळ्यांना घेऊन मेलबर्नहून निघाला.

आत नोरीनच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. लहानपणी वेदीवर फादरांच्या हाताखाली असताना डेक्लन घंटी कुठे वाजवायचा, पांढऱ्या झग्यात कसा गोजिरवाणा दिसायचा, सगळं सांगून झालं. मग वेदीच्या बाजूचं एक बुटकं दार दाखवून त्या म्हणाल्या, “शनिवारी इथे आत बसून मेणबत्त्यांचे पितळी स्टँड घासायचा हो. अंधार पडला की फादर स्वतः गाडीनं घरी आणून सोडायचे. माझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय कधी गेले नाहीत.”

टेसनं त्या दाराकडे पाहिलं. घरी डेक्लन कुठलंच दार लावून घेऊ देत नसे. न्हाणीघराचंसुद्धा नाही. ती इतकी वर्षं त्यावरून त्याची थट्टा करत आली होती.

तेवढ्यात नोरीनचं लक्ष नातीकडे गेलं. पोरीनं वेणीला निळी रिबीन बांधली होती, अगदी कोरी.

“कुंपणावरची ओढून आणलीस? जा, जिथल्या तिथे बांधून ये. त्या लोकांची आहे ती.”

“मी नाही आणली, नॅन.” फ्रेया रडवेली झाली. “बाबाच्या जाकिटाच्या खिशात होती.”

वेणीची गाठ सोडायला पुढे आलेला नोरीनचा हात तसाच थांबला. मग बाकाचा कठडा धरून त्या हळूहळू खाली बसल्या. त्या बुटक्या दारावरून त्यांची नजर हलेना.

टेस पोरीचा हात धरून बाहेर धावली. कुंपणाशी पाठमोरा उभा राहून डेक्लन पँटचे खिसे उलटे करून पाहत होता. एक झाला की दुसरा, आणि पुन्हा पहिला.