कडू भुंगेरा

"सहा तास झाले, आता धोका टळला," डॉक्टर खोलकुटे म्हणाले, तेव्हा कुठे शाल्मलीच्या जिवात जीव आला. तिची दीड वर्षाची चारुता खाटेवर बसून सलाईनच्या नळीशी खेळत होती.

"पण मॅडम, या विषारी भुंगेऱ्यांना तुम्हीच कारल्याची चव दिलीत ना? तीन वर्षांत जिल्ह्यातल्या एकाही पोराने भुंगेरा गिळला नाही. तोंडात घातला की थू! मग हिने कसा गिळला?"

शाल्मलीला तेच कळत नव्हतं. याचसाठी तर तिने प्रयोगशाळेत भुंगेऱ्यांची जनुकं बदलून ते जिल्ह्यात सोडले होते.

कोपऱ्यातून तिचे सासरे चाचरत म्हणाले, "शाल्मली, मी तिला रोज चमचाभर कारल्याचा रस पाजतो. जंत होऊ नयेत म्हणून. आता तर मागून मागून पिते, लबाड."

डॉक्टर पोट धरून हसले.

तेवढ्यात नर्सने दूध आणलं. पहिल्याच घोटाला चारुताच्या जिभेवर साय आली. तिने तोंड वाकडं केलं आणि सगळं दूध आईच्या अंगावर थुंकलं.

शाल्मलीने कुर्ता पुसलासुद्धा नाही. तिने लगेच प्रयोगशाळेत फोन लावला.

"पुढचे भुंगेरे कडूच राहू द्या. पण वरून साय घाला."