शेवटचे एकोणीस सेकंद

"दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद," निकिता म्हणाली. "पुन्हा तिथंच तुटलं, सर."

अनिरुद्धने इयरफोन काढले.   फाईल क्रमांक तीनशे सतरा सकाळपासून त्या दोघांनी अकरा वेळा ऐकली होती. डब्यातून यावेत तसे दबलेले आवाज: कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, कुणा बाईचा श्वास. मग दार उघडल्याचा आवाज. श्वास थांबतो, आणि फाईल संपते.

येरवड्यातल्या त्यांच्या लहानशा कंपनीने घरात छळ सोसणाऱ्या बायकांसाठी एक अ‍ॅप बनवलं होतं. फोनवर ते पाककृतींच्या वहीसारखं दिसे. उघडलं की गुपचूप आवाज टिपायचा आणि त्याचे छोटे छोटे तुकडे कुलूपबंद करून लगोलग सर्व्हरवर पाठवायचे, एवढंच त्याचं काम. ते कुलूप घालणारी आणि उघडणारी लायब्ररी, म्हणजे त्यासाठीचा कोडचा संच, अनिरुद्धने स्वतः लिहिली होती. पहिली चाचणीसुद्धा त्याने घरीच, बायकोच्या, शेफालीच्या फोनवर घेतली होती.

वकील दीपमालाताईंचा फोन आला.

"अहो अनिरुद्ध, उद्या अकराला अर्ज दाखल करायचाय मला. पुरावा काय, तर कुकरची शिट्टी! न्यायाधीशांनी कुकरला समन्स काढायचं का?"

"संध्याकाळपर्यंत देतो. त्या बाई सुरक्षित आहेत ना?"

"आज आहे. पण माहेरचेच तिला परत धाडायला निघालेत. जावई कधी आवाजसुद्धा चढवत नाही, तुलाच भास होतात, म्हणे. आणि या खेपेला ती गेली, तर..."

  बाईचं नाव, गाव, तारीख, यातलं काही त्याला दिसत नसे. दिसायचा फक्त क्रमांक. तरी सकाळपासून तो श्वास त्याच्या मागे लागला होता.

त्याने शेफालीला फोन लावला. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती महिन्याभरापासून विश्रांतवाडीला माहेरी होती. तिने उचलला नाही. जुना फोन पडून फुटला, तेव्हा हा नवा त्यानेच आणून दिला होता. तिला अजून सवय झाली नसावी.

"सर, इकडे या जरा." निकिताचा आवाज बदलला होता. नोकरीला लागून तिला जेमतेम सहा महिने झाले होते. "अशा तुटलेल्या एकेचाळीस फायली आहेत. एकीच्याही शेवटी बंद केल्याची खूण नाही. ती नसली, की आपली लायब्ररी घाबरते, कुणी छेडछाड केली समजते आणि फाईल उघडताना तुकड्यांचा शेवटचा अख्खा गठ्ठा वगळते."

"मार्केट यार्डात शेवटचा ट्रक पुरता भरला नाही, म्हणून आतली चांगली पोतीही परत पाठवावीत, तसं."

"पण खूण का नाही? या बायकांनी अ‍ॅप बंदच केलं नाही?"

"बॅटरी संपली असेल."

"बॅटरीची नोंद आहे. सगळ्यांची निम्म्याहून जास्त." तिने ती नोंद त्याला दाखवली. "बंद करायला फोन हातात असायला हवा ना, सर?"

अनिरुद्धने ती यादी वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिली. एकेचाळीस फायली म्हणजे एकेचाळीस हिसकावलेले फोन. फायली तुटण्याची ही तक्रार दोन महिने 'किरकोळ' या यादीत पडून होती. तिथे ती त्यानेच टाकली होती.

दुरुस्ती तशी लहान होती. प्रत्येक तुकड्यावर स्वतःची मोहर असते. ती एकेक तपासायची, मोहर शाबूत असलेला तुकडा ठेवायचा आणि शेवटी 'बंद झालेली नाही' असा शेरा मारायचा. लहान होती, पण चुकली तर कोर्टात सगळाच पुरावा संशयात येणार.  टाइप करताना निकिताची दोनदा तीच ओळ चुकली.

"घाई नको," अनिरुद्ध म्हणाला. "मी आहे ना."

त्याचा आवाज खालचा, ऊबदार होता. ऑफिसात कुणीही तो कधी चढलेला ऐकला नव्हता. तिसऱ्यांदा निकिताची ओळ बरोबर आली.

पाच वाजता चाचण्या पार पडल्या. दीपमालाताई व्हिडिओ कॉलवर आल्या. फाईल उघडताना दोन माणसं हजर हवीत आणि उघडताक्षणी तिची प्रत थेट वकिलाकडे जावी. मग ती कुणालाही, अगदी कंपनीलाही, पुसता येऊ नये. हा नियमही अनिरुद्धचाच होता. पुरुषांवर भरवसा ठेवून असली कामं होत नाहीत, असं तो तेव्हा बैठकीत म्हणाला होता.

"तीन मिनिटं पूर्ण," निकिता पडद्याकडे बघत म्हणाली. "एकोणीस सेकंद परत मिळालेत. सर, मला ऐकायची भीती वाटतेय."

"मलाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "लाव. स्पीकरवर."

शिट्टी. पाणी. श्वास. दार. दोन एकेचाळीस आलं आणि गेलं. रेघ पुढे सरकत राहिली. सावकाश येणारी पावलं ऐकू आली. फोन लपवलेल्या डब्याचं झाकण निघालं असावं, कारण आवाज एकदम स्वच्छ झाला. आणि मग एक पुरुष खालच्या, ऊबदार आवाजात म्हणाला:

"घाई नको, शेफाली. आधी तो फोन इकडे दे. मी आहे ना."