चालेल म्हणजे नक्की काय?

"अहो, आपली ओवी चालेल ना हो?" वृंदानं काकुळतीनं विचारलं. दीड वर्ष उलटलं, तरी लेक पाऊल टाकत नव्हती.

"चालेल की," मोबाइलमधून मान वर न काढता नवरा म्हणाला. "साखर मात्र कमी घाल."

कानानं अधू सासूबाईंना 'ओवी'ची 'पोळी' ऐकू आली. "न चालायला काय झालं? शिळी असेल तर फोडणी दे."

रिक्षावाल्याला तर कुणी विचारलंही नव्हतं. दवाखान्याचं नाव ऐकून तोही म्हणाला, "चालेल ताई, बसा."

सगळं गाव 'चालेल' म्हणत होतं. ओवी तेवढी मांडी ठोकून बसली होती.

डॉक्टरांनी तिचे पाय वाकवून पाहिले. "चालेल."

वृंदाचा बांध फुटला. "म्हणजे पावलं टाकेल, की नाही टाकली तरी चालेल?"

डॉक्टर गडबडले. "टाकेल हो! पाय ठणठणीत आहेत. पण समजा, थोडा उशीर झाला, तर?"

ओवी त्यांचा स्टेथोस्कोप चघळत खिदळत होती. वृंदा बघतच राहिली. मग तिनं लेकीला उचलून गालाशी धरलं.

"होऊ दे. तोवर कडेवर घ्यायची हौस तरी फिटेल माझी."