नारदाची गादी

"तो मोबाइल ठेव आधी बाजूला," दत्तारामबुवा म्हणाले. आवाज कसला, नुसता वारा. मालगुंडच्या देवळात मागच्या माणसापर्यंत खणखणीत पोचणारा गळा दुखण्याने पार खाल्ला होता.

दीपालीने उशीजवळचा मोबाइल उचलला. बुवांच्या हाताखाली कीर्तन शिकलेली ती एकटीच. त्यांची शिकवण पुस्तकात राहावी म्हणून दर रविवारी रत्नागिरीहून येऊन त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून घेत होती. आज शेवटचं प्रकरण हवं होतं. मरणाला सामोरं कसं जावं.

"सांगा ना बुवा. थोडंच सांगा."

"काय सांगू, कप्पाळ? भीती वाटते गो मला."

पेजेची वाटी घेऊन दारात आलेल्या बुवांच्या पत्नी प्रभावतीकाकू तिथूनच मागे फिरल्या.

दीपालीचा भाऊ समुद्रात बुडाला, तेव्हा याच बुवांनी तिच्या घरी उभं राहून निरूपण केलं होतं. मरण म्हणजे सासरी राबलेल्या लेकीने माहेरी जाणं. आई दारात उभीच असते. घोटभर पाणीसुद्धा न घेणारी दीपालीची आई ते ऐकून उठली होती. भात जेवली होती.

"आता तू सांग," बुवा म्हणाले. "ती घोंगडी घाल आणि उभी राहा."

तिने खाटेसमोर घोंगडीची घडी टाकली. बुवांनीच शिकवलं होतं, कीर्तनाला उभा राहिला की माणूस नारदाच्या गादीवर. गुरूनेही त्याला हात जोडायचे. आणि आरती झाल्याशिवाय त्याने गादी सोडायची नाही.

बुवांनी पडल्यापडल्या हात जोडले.

दीपालीने नमन केलं, निरूपणाला हात घातला. शब्द बुवांचे, हेलसुद्धा त्यांचाच. राबलेली लेक निघाली, पाणंद ओलांडली, माहेरचं कौलारू घर दिसू लागलं. बुवा गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती दारातल्या आईपाशी पोचली, आणि त्यांनी हात वर केला. कीर्तनात मध्येच कुणी बोलत नाही. बुवा बोलले.

"खरंच असते का गो ती दारात?"

'तुम्हीच तर सांगितलंत' असं दीपालीच्या ओठांवर आलं, पण गादीवरून ते बोलवेना. खाली उतरायचीही सोय नव्हती. शेवटी, काही सुचेनासं झालं की बुवा करायचे तेच तिने केलं. दोन्ही हात वर केले आणि गजर धरला, "विठ्ठल, विठ्ठल..."

स्वयंपाकघरातून काकूंनी जन्माच्या सवयीने तो उचलला, टाळ्यांसकट.

बुवांनी टाळी दिली नाही. ते उत्तराची वाट बघत होते.