तिसरा डाग

तापातून उठला तो सुपडू डावा पाय लुळा घेऊनच. खामगावच्या गोऱ्या डाक्टरनं नुसती मान हलवली, तेव्हा गीताबाईनं चार वर्षांच्या लेकाला काखोटीला मारलं आणि वरवट गावात बैलांना डाग देणाऱ्या कडूबाचं अंगण गाठलं. वाटभर ती त्याला बजावत होती, "डागतानी रडला त गुण येत नाही, बाप्पा. मंग जलमभर चालता येत नाही."

कडूबानं लालबुंद विळा पोटरीवर टेकवला. कातडं चरचरलं, पाय मात्र जागचा हलला नाही. सुपडू मायच्या पदरात तोंड खुपसून गप्प होता.

"पाय झटकला नाही पोरानं," कडूबा म्हणाला. "म्हंजे आत कळ पोचलीच नाही."

"मंग अजून द्या, मामा. कळ पोचेपर्यंत द्या."

त्यानं दुसरा दिला. तिसरा चांगला दाबून धरला. पाय तसाच.

गीताबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "मेलाच म्हना हा पाय!"

विळा बाजूला पडला, तसा सुपडूनं दातांत धरलेला पदर सोडला.

"माय, आता रडू काय?"