नायकाला काहीच कळत नाही

"हिचा निकाल आज लागणार का?" बाबांनी टेबलावरच्या पटकथेकडे बोट दाखवून विचारलं.

लेकीने लाल पेनाचं टोपण काढलं. "आजच. उद्या सकाळी शेरे कंपनीत पोचायला हवेत. आणि ही काही पास होत नाही."

चित्रपट कंपनीकडे आलेल्या पटकथा वाचून त्यांवर शेरा मारणं हे तिचं काम. पटकथेवर लेखकाचं नाव नसायचं, नुसता क्रमांक. लेखक कोण ते कळलं की भीड पडते, असं कंपनीचं म्हणणं. तिला कुणाची भीड पडल्याचं अजून कोणी पाहिलं नव्हतं. आई गेल्यापासून बाबा दर रविवारी तिच्याकडे जेवायला येत आणि जेवण झालं की ही चिरफाड चवीने ऐकत बसत. आज मात्र ताटातलं निम्मं तसंच राहिलं होतं.

"गोष्ट काय आहे?"

"स्वतःचा शोध, दुसरं काय! चाळिशीचा नायक. आपण नक्की कोण, म्हणून गावोगाव भटकतो. खरी गोम एवढीच की तो दत्तक आहे, आणि ते त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक."

"इतकी वाईट आहे?"

"प्रतीकांचा नुसता सुळसुळाट! पहिल्या प्रसंगात कलम केलेलं झाड. दुसऱ्यात परक्या घरट्यातलं पिल्लू. तिसऱ्यात कोटाला भलत्याच कोटाचं बटण. मला दहाव्या पानावर कळलं, या घोड्याला नव्वदाव्या पानावर कळतं. इतकं मठ्ठ कोण असतं, बाबा?"

एरवी बाबा अशा वेळी खो खो हसत. आज हसले नाहीत.

"लेखकाला सरळ सांगायचा धीर झाला नसेल."

"मग लिहायच्या भानगडीत पडू नये."

"आणि तो दवाखान्यातला प्रसंग? आई त्याचा हात धरते आणि सांगता सांगता थांबते, तो?"

तिचं पेन थांबलं. "दवाखान्याचं मी कुठे बोलले?"

बाबा पाण्याच्या पेल्याशी चाळा करू लागले.

"बाबा! तुम्ही लिहिलंत हे?"

त्यांनी मान डोलावली. तिला आधी हसू फुटलं, मग वाईट वाटलं. सत्तरी उलटलेला हा माणूस गुपचूप लिहीत बसला होता, आणि आपण तोंडावर त्याच्या नायकाला घोडा म्हणालो.

"आधी सांगायचं नाही का? आता नियमाप्रमाणे ही दुसऱ्या कोणाकडे द्यावी लागेल."

"दुसऱ्याकडे नको," ते घाईघाईने म्हणाले. "तिसऱ्यांदा पाठवली तेव्हा कुठे तुझ्या वाट्याला आली. नापास कर, पण तूच वाच."

तिने खुर्ची पुढे ओढली. बापाचं लिखाण दुरुस्त करायचं तर नीटच करायला हवं होतं.

"ऐका. झाडं, पिल्लं, बटणं, सगळी काढा. बाप त्याला समोर बसवतो आणि एका वाक्यात सांगून टाकतो. बस्स."

"आणि तो उठून निघून गेला तर? बापाला आता दुसरं कोणी नाही."

"नाही जाणार. चिडेल, रडेल, पण जाणार नाही. आणि अजून एक. तुमचा नायक पुरुषासारखा बोलतच नाही. दर चार पानांनी दाढी करतो, म्हणून पुरुष म्हणायचं. त्यापेक्षा सरळ मुलगीच का नाही केलीत?"

बाबांनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"आधी मुलगीच होती," ते म्हणाले. "पण मग ती तूच आहेस, हे तुला पहिल्या पानावर कळलं असतं."